गायरानावरची खडीखाण : ‘पडीक’ या शब्दाची तपासणी

बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातल्या आमच्या आयांनी खडी फोडली. पोराला बाभळीच्या सावलीत धडुत्यावर निजवायचे, बोटांना चिंध्या गुंडाळायच्या आणि दिवसभर हातोडीने दगड बारीक करीत बसायचे. संध्याकाळी मुकादम ढीग मोजायचा. ढीग भरला तर मजुरी, नाही भरला तर सुकडीवर रात्र काढायची. त्या खडीचे रस्ते झाले, त्या रस्त्यांवरून मंत्री आले आणि गेले. पण ज्या टेकडीचा तो दगड होता ती टेकडी जागेवर राहिली, कारण हाताने खडी फोडून टेकडी संपत नाही.

आता टेकडी संपते. सुरुंग, पोकलेन, क्रशर आणि हायवा एवढा सरंजाम आला की आठ-दहा वर्षांत टेकडीच्या जागी खड्डा दिसू लागतो. मागणीही तशीच आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतूनच गेला आहे. एवढ्या रस्त्याच्या भरावाचा मुरूम आणि खडी आकाशातून पडत नाही. ती कोणत्या तरी गावाच्या कोणत्या तरी गटातून निघते. तो गट कोणाचा, हा आपला प्रश्न आहे.

जालना जिल्ह्यातल्या एका गावच्या तरुणांनी माहितीच्या अधिकारात काढलेला एक कागद माझ्या हातात ठेवला. गावच्या गायरानात खडीखाण काढण्याचा तो प्रस्ताव होता. क्षेत्र ४.९० हेक्टर. स्थळाच्या स्थितीविषयी त्यात चार रकाने होते. जमिनीचा सध्याचा वापर : पडीक, खडकाळ. वनस्पती : तुरळक झुडपे. जलस्रोत : नाही. वस्ती : नाही. त्या मुलांना राग आला होता आणि त्यांना मोर्चा काढायचा होता. मी म्हणालो, मोर्चा काढूच, पण आधी हे चार शब्द नीट वाचू. प्रस्तुत लेख त्या वाचनातून झाला आहे.

‘पडीक’ हा महसुली शब्द दिसायला निरागस आहे. ज्या जमिनीवर सरकारला पिकाचा आकार मिळत नाही ती पडीक. आकार मिळत नाही म्हणजे उपयोग नाही, असा अर्थ नंतर कोणीतरी चिकटवला. ही जमीन तिथे राहणाऱ्या माणसाला विचारून पाहा. पहिल्या पावसानंतर बाया तिथून तरोट्याची भाजी खुडून आणतात, आणि ज्या घरात आठवडी बाजाराला पैसे नसतात त्या घरात तीच भाजी आठ-पंधरा दिवस शिजते. पोळ्यानंतर तिथे गुडघाभर पवन्या आणि कुसळी असते. शेळ्या तिथेच चरतात. बोराटी आणि हिवराचे सरपण तिथलेच, गोवऱ्यांचे शेण तिथलेच. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचा संसार पडीक जमिनीवर उभा असतो. बागायतदाराला गायरान नसले तरी चालते. त्याची म्हैस गोठ्यात कडबा खाते. भूमिहीनाची शेळी कुठे जाणार?

आणि हे गायरान आपल्याला कोणी दान दिलेले नाही. वतनाच्या गुलामगिरीवर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, तेव्हापासून गावकुसाबाहेरच्या माणसाचा जमिनीशी संबंध काय असावा हा प्रश्न आपल्या चळवळीच्या मध्यभागी आहे. पुढे १९५९ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९६४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात लोकांनी गायराने फोडून, दगड वेचून, हाताने बांध घालून ज्वारी काढली. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करावीत, असा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी झाला. तो किती गावांत अंमलात आला हे वाचकाला त्याच्या स्वतःच्या गावावरून ठाऊक असेल. जमीन कसणारा माणूस जागेवर आहे आणि कागदावर तो नाही, अशी अवस्था चाळीस-चाळीस वर्षे चालू राहते. मग खाणीचा अर्ज येतो आणि कागदावर नसलेला माणूस ‘वस्ती : नाही’ या दोन शब्दांत नाहीसा होतो.

म्हणून पहिले काम तलाठ्याकडचे. सातबाऱ्यावर गायरान लिहिलेले असेल, पण एवढ्यावर थांबू नये. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही असते, तिची नक्कल मागावी. ज्या नोंदीला आपण आजवर भीत आलो, कारण तिच्यात आपल्याला ‘अतिक्रमणधारक’ म्हटलेले असते, तीच नोंद इथे आपला पुरावा ठरते : त्या तारखेला त्या गटात अमुक माणूस कसत होता. पोटखराब्याचीही फोड पाहावी. पोटखराबा ‘अ’ म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन. पोटखराबा ‘ब’ म्हणजे रस्ता, पाणी, दफनभूमी अशा सार्वजनिक उपयोगाला वाहिलेली जमीन. अर्जात दोन्ही एकत्र करून ‘खडकाळ’ लिहिले असेल तर तिथेच बोट ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे काढण्याचा आदेश दिला. त्याचा धाक आपल्या लोकांना वारंवार दाखवला जातो. पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल तर तो अपवाद धरता येईल, हेही त्याच निकालात आहे. धाक दाखवणारे हे वाक्य वाचून दाखवत नाहीत.

आता दगडाकडे येऊ. आपल्यातले अनेकजण इथे थांबतात, कारण भूगर्भशास्त्र हे इंजिनियरचे काम आहे असे आपण मानून बसलो आहोत. वास्तविक हे ज्ञान आपल्याच माणसांच्या हातात होते. विहिरी खोदल्या कोणी?

महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कातळाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुन्हा वाहत आला. अशा थरांवर थर चढून हा प्रदेश झाला. टेकडी चिरली तर वरून खाली असे दिसते : वीतभर किंवा हातभर माती, तिच्याखाली मुरूम, म्हणजे कुजून सैल झालेला दगड, मग भेगा पडलेला दगड, मग घट्ट काळा पाषाण. एका थराचा माथा आणि त्यावरच्या थराचा तळ यांच्यामध्ये कधीकधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. काही थर छिद्राछिद्रांचे, पांढऱ्या खड्यांनी भरलेले असतात. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात आणि तो लागला की त्यांची पहार हलकी होते, कारण तिथे खोदाई सोपी जाते.

खाणवाल्याला हवा असतो घट्ट काळा पाषाण, आणि त्या घट्ट पाषाणात पाणी जवळजवळ राहत नाही. पाणी राहते वरच्या मुरमात, भेगांत आणि सच्छिद्र थरात. म्हणजे खाणीच्या भाषेत जे ‘वरचे आवरण’ आहे, जे काढून बाजूला फेकायचे असते, तेच गावाच्या दृष्टीने पाण्याचे कोठार आहे. टेकडीवर पडलेला पाऊस मुरमात झिरपतो, उतारावर हळूहळू सरकतो आणि दिवाळीनंतर पायथ्याच्या विहिरीत उतरतो. टेकडीवरचा मुरूम खरवडला की पाऊस त्याच दिवशी वाहून जातो. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की आणखी एक गोष्ट होते. आजूबाजूचे पाणी खड्ड्याकडे वळते. खाणवाला ते मोटार लावून उपसतो, कारण पाण्यात दगड काढता येत नाही, आणि विहीर उन्हाळ्याआधी तळ दाखवते. पायथ्याला कोणाच्या विहिरी असतात? पाटलाची बागायत नदीकाठी असते. टेकडीच्या पायथ्याला आपला वाडा आणि वाड्याचा आड असतो.

‘जलस्रोत : नाही’ हे उत्तर कसे आले, ते आता कळेल. पाहणी मे महिन्यात झाली होती. मे महिन्यात मराठवाड्यातला कोणता ओहोळ वाहतो? जागेची स्थिती ही महिन्यागणिक बदलणारी गोष्ट आहे. गवत पाहायचे तर भाद्रपदात जावे लागते, ओहोळ पाहायचा तर आषाढ-श्रावणात, आणि विहिरीची खरी परीक्षा वैशाखात. त्या गावच्या मुलांना मी मोर्चाच्या आधी एक काम दिले. खाणीच्या हद्दीपासून अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी, आड आणि हातपंप यांची यादी करा आणि दर महिन्याच्या पौर्णिमेला दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजा. वहीत तारीख लिहा, आणि मोजताना विहिरीच्या मालकाची सही घ्या. शाळेतल्या शिक्षकांनी हे काम विज्ञानाच्या तासाला जोडले. खाण सुरू होण्यापूर्वीच्या वर्षाची अशी वही नसेल, तर पुढे विहीर आटली की उत्तर ठरलेले असते : पाऊसच कमी झाला.

जमिनीची उलथापालथ नेमकी किती, याचाही हिशोब मांडू, कारण ‘४.९० हेक्टर’ हा आकडा ऐकायला लहान वाटतो. हद्दीच्या आत साडेसात मीटरचा पट्टा सोडावा लागतो, आणि कडा सरळ न कापता पायऱ्या-पायऱ्यांनी उतरावे लागते. हे सगळे वजा केले तर खड्ड्याचे सरासरी क्षेत्र साडेतीन हेक्टर धरू. खोली २० मीटर. म्हणजे ७ लाख घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर. घट्ट दगडाचे जवळपास अडीच लाख ब्रास झाले. फोडलेला दगड फुगतो, साधारण दीडपट होतो, म्हणजे पावणेचार लाख ब्रास. सहा ब्रासची हायवा धरली तर बासष्ट हजार खेपा. दहा वर्षे, वर्षाचे तीनशे दिवस : रोज वीस गाड्या भरून जाणार आणि वीस रिकाम्या येणार. गावातला रस्ता एकच, आणि तो जिल्हा परिषदेच्या शाळेवरून जातो. अर्जात ‘वाहतुकीचा परिणाम : नगण्य’ असे आहे.

शिवाय खड्डा म्हणजे सगळी उलथापालथ नव्हे. क्रशरची जागा, खडीचे ढीग, टाकाऊ मातीचा डोंगर, वजनकाटा, गाड्यांचा रस्ता, स्फोटके ठेवण्याची कोठी, हे सर्व कुठेतरी बसवावे लागते, आणि बहुतेक वेळा ते पट्ट्याबाहेरच्या गायरानावर सरकते. नकाशावर या प्रत्येक गोष्टीची जागा दाखवायला लावावी. मातीचेही तसेच. वीतभर माती व्हायला हजारो वर्षे जातात. ४.९० हेक्टरवरची एक फूट माती म्हणजे जवळपास १५ हजार घनमीटर. ती मुरमात न मिसळता वेगळी काढायची, बुटक्या ढिगात ठेवायची, त्यावर गवत पेरायचे म्हणजे ती जिवंत राहते आणि खाण मिटवताना परत पसरता येते. प्रत्यक्षात ती मुरमाबरोबर भरावाला विकली जाते. मातीचा ढीग कुठे ठेवणार, हा एकच प्रश्न सुनावणीत विचारून पाहावा.

हद्दीचा ४.९० हा आकडाही सहज आलेला नाही. खडी, मुरूम, वाळू ही १९५७ च्या केंद्रीय खनिज कायद्यात ‘गौण खनिजे’ आहेत. त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे, आणि महाराष्ट्राचे नियम २०१३ चे आहेत. लहान पट्ट्यांना पर्यावरणाची मंजुरी लागत नाही अशी समजूत बरीच वर्षे होती. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगितले की पाच हेक्टरांखालच्या पट्ट्यांनाही मंजुरी लागेल, कारण मोठ्या खाणीचे तुकडे पाडून कायदा चुकवला जातो. त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने पाच हेक्टरांपर्यंतच्या पट्ट्यांची वाट पुन्हा सोपी केली, त्यांची जनसुनावणी टाळली. राष्ट्रीय हरित लवादाने सप्टेंबर २०१८ मध्ये त्या अधिसूचनेवर आक्षेप घेतला आणि ५ ते २५ हेक्टरांच्या पट्ट्यांनाही परिणामांचा अभ्यास व सुनावणी हवी असे म्हटले. पाचाच्या आत राहण्यात फायदा काय, हे यावरून ध्यानात येते. पण याच २०१६ च्या अधिसूचनेत एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे : दोन पट्ट्यांच्या हद्दींमधले अंतर ५०० मीटरांपेक्षा कमी असेल तर ते एक समूह मानायचे आणि क्षेत्र एकत्र मोजायचे. म्हणून शेजारच्या गटातले जुने पट्टे, भावाच्या आणि मेहुण्याच्या नावावरचे अर्ज, शेजारच्या गावाच्या शिवेतली खाण, हे सगळे एका कागदावर काढावे. त्या गावी असे काढले तेव्हा ४.९० चे १३ हेक्टर झाले.

सुरुंगाविषयी थोडे. भोके पाडून त्यात स्फोटके भरतात, दगड उडतो, जमीन हादरते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी हादऱ्याची मर्यादा दिली आहे. हादऱ्याची कंपने सेकंदाला आठपेक्षा कमी असतील तर जमिनीचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. हे मोजायला यंत्र असते. प्रश्न एवढाच की यंत्र कोणाच्या दारात ठेवले? ग्रामपंचायतीच्या सिमेंटच्या इमारतीत ठेवले तर आकडा चांगलाच येणार. खाणीला सर्वांत जवळची घरे दगड-मातीची आहेत, आणि त्यांच्या भिंतींना आज ज्या भेगा आहेत त्यांची छायाचित्रे तारखेसह आजच काढून ठेवावीत.

इथे एका अवघड गोष्टीबद्दल बोलले पाहिजे. आपल्या लेखांत ती टाळली जाते. खाणीत काम कोण करते? वडार. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारी ही जमात, महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडणारी, घण आणि पहार घेऊन गावोगाव फिरली. किल्ले, घाट, धरणे, विहिरी त्यांच्या हातच्या, आणि मुक्काम मात्र खाणीच्या कडेला पत्र्याखाली. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत दगडफोड्यांच्या मुलांसाठी ‘पाषाण शाळा’ काढाव्या लागल्या, कारण गावची शाळा त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. उद्या आपण गायरानावर खाण नको म्हणून उभे राहिलो, तर समोर ठेकेदार नव्हे, वडार उभा केला जाईल. ‘त्यांच्या पोटावर पाय देता का?’ असे विचारले जाईल. त्या गावी तसेच झाले.

मला या प्रश्नाचे सोपे उत्तर माहीत नाही, पण काही गोष्टी स्पष्ट दिसतात. क्रशर आल्यापासून हातफोडीचे काम आटले आहे. जे उरले त्यात सुरुंगाची भोके पाडणे आणि धुळीत उभे राहणे आहे. काळ्या पाषाणात मोकळी गारगोटी कमी असते, म्हणून राजस्थानच्या वालुकाश्माच्या खाणींइतका सिलिकोसिसचा धोका इथे नसतो, हे खरे. पण धूळ ती धूळ, आणि क्रशरवर पाण्याचा फवारा चालू आहे असे मी तपासणीच्या दिवसाखेरीज फारसे पाहिलेले नाही. १९५२ च्या खाण कायद्याखालच्या १९६१ च्या नियमांत माती-मुरमाची कड ४५ अंशांपेक्षा उभी कापू नये, किंवा दीड मीटरांहून उंच नसलेल्या पायऱ्या ठेवाव्यात, असे लिहिले होते. साठ वर्षांनंतरही दोन पुरुष उंचीची सरळ उभी कड आणि तिच्या पायाशी बसून जेवणारी माणसे आपण रस्त्यावरून जाताना पाहतो. मी खाणीचाच विरोधक नाही. आपल्या घरकुलांना, शाळांना, वाड्याच्या रस्त्यालाही खडी लागते. पण खाण कुठे, किती खोल आणि कोणाच्या नावावर, हे ठरवताना वडारांच्या सहकारी संस्थेचा अर्ज का नसतो, हा प्रश्न त्यांनी आणि आपण एकत्र विचारायला हवा. त्या गावी वडार वस्तीत आम्ही तीन वेळा गेलो. पहिल्या दोन वेळा चहा मिळाला नाही. तिसऱ्या वेळी एका म्हाताऱ्याने खाणीच्या जागेवर येऊन पहारीने दगड वाजवून दाखवला आणि सांगितले, ‘वरचा वीस हात माल कामाचा नाही. खाली गेले तर पाणी लागेल.’ अर्जातल्या भूगर्भीय अहवालात यातले एकही वाक्य नव्हते.

अर्जाचे शेवटचे पान खाण बंद करण्याच्या योजनेचे असते. बहुतेक अर्जांत तिथे लिहिलेले असते की खड्ड्यात पावसाचे पाणी साठवून जलाशय केला जाईल. वीस मीटर खोल, उभ्या कडांचा, कुंपण नसलेला खड्डा म्हणजे जलाशय नव्हे. त्यात गुरे पडतात, पोहायला गेलेली पोरे बुडतात. कडा कोणत्या उताराच्या करणार, कुंपण कोण घालणार, किती वर्षे राखणार आणि त्यासाठीची रक्कम आज कुठे जमा आहे, हे त्या पानावर असले पाहिजे.

त्या मुलांनी शेवटी स्वतःचा नकाशा केला. मोजणीच्या नकाशाची नक्कल घेतली आणि तिच्यावर पेन्सिलीने दाखवले : चार घरांनी कसलेले तुकडे, शेळ्यांची वाट, ओहोळ, तरोट्याची जागा, आड. मग एक आजी पुढे आल्या आणि त्यांनी टेकडीच्या उगवतीच्या उतारावर बोट ठेवले. गावच्या स्मशानात आपल्याला जागा नव्हती तेव्हापासून आपली माणसे तिथे पुरलेली आहेत, असे त्या म्हणाल्या. नावाचा दगड कोणावरच नाही. सातबाऱ्यावर नोंद नाही. कोणाकोणाला तिथे ठेवले ते त्यांनी एकेक करून सांगितले, मुलांनी लिहून घेतले. एकोणतीस नावे झाली. ती यादी हरकतीला जोडून तहसील कार्यालयात दिली आहे आणि तिची पोच शाळेतल्या विहिरींच्या वहीत चिकटवून ठेवली आहे.